आधी बेत की आधी मुकादम

शिवणबाईंनी आयुष्यभर मुलींना शिवण शिकवलं. मुली टाका शिकल्या, काज शिकल्या, कळीही शिकल्या, पण कागद वाया न घालवता कटिंग काढायला काही शिकल्या नाहीत. ब्राउन पेपरचे तावच्या ताव फाटायचे. गळा मुंढ्यात जायचा, मुंढा कमरेत जायचा, आणि बाईंचा जीव घशाशी यायचा. शेवटी त्या इतक्या वैतागल्या की त्यांनी कॉम्प्युटर शिकून घेतला. वैतागलेली माणसं संन्यास घेतात असं ऐकिवात आहे. बाईंनी प्रोग्रामिंग घेतलं. दोन्हींत घरच्या मंडळींशी बोलणं कमी होतं, एवढं साम्य आहे.

त्यांनी लिहिलेल्या प्रोग्रामचं नाव 'बेत'. छाती, कंबर, उंची, बाही अशी मापं भरली की तो पूर्ण आकाराचं कटिंग कागदावर छापून द्यायचा. बाईंनी तो सगळ्यांना फुकट वाटला. शिवणाच्या शाळा तो वापरू लागल्या, गल्लीतले शिंपी वापरू लागले, नाटकांचे कपडे शिवणारे वापरू लागले. निवृत्त झाल्यावरही बाई रोज सकाळी बेत उघडून कुठे एखादी चुणी घाल, कुठे शिवणीला जास्त माया सोड, असं काहीतरी करत बसत.

बाईंचे यजमान रेल्वेत वेळापत्रकं करायचे. कुठली गाडी आधी सुटावी, कुठल्या गाडीने कुठल्या गाडीसाठी थांबावं, हे त्यांच्या रक्तात भिनलं होतं. लोक त्यांना टाइमटेबल म्हणत, बाई त्यांना अहो म्हणत. निवृत्तीनंतर त्यांनी घरातल्या नळाला, कुकरला आणि बायकोला वेळापत्रक लावून पाहिलं. नळाने आणि कुकरने ऐकलं.

मग त्यांचं लक्ष बेतकडे गेलं. आता प्रोग्राम लिहिला म्हणजे तो लगेच चालत नाही. माणसाने लिहिलेला मजकूर कंपायलर नावाच्या यंत्राच्या तोंडी द्यावा लागतो, तेव्हा कुठे त्यातून चालणारी वस्तू बाहेर पडते. बेतच्या तर ढीगभर फाइली. कॉलरची फाइल तयार झाल्याशिवाय शर्टाची होत नाही, बटणपट्टी झाल्याशिवाय काजाची होत नाही. हा क्रम बाई डोक्यात ठेवत आणि एकेक फाइल हाताने कंपाइल करत. हे पाहून टाइमटेबल यांना भरून आलं. इतक्या गाड्या आणि एकही स्टेशनमास्तर नाही. त्यांनी प्रोग्रामिंग शिकून एक हत्यार लिहिलं, जे स्वतःच सगळ्या फाइली तपासायचं, कुणाला कुणाची गरज आहे ते ओळखायचं आणि कंपायलरला त्या क्रमाने कामाला जुंपायचं. हे हत्यार स्वतः काही करत नसे, फक्त दुसऱ्यांकडून करून घेत असे. म्हणून त्याचं नाव पडलं 'मुकादम'.

मुकादमाचं जगात एकच गिऱ्हाईक होतं, ते म्हणजे बेत. पण टाइमटेबल यांचा त्याच्यावर पोटच्या पोरासारखा जीव. पुढे एका वाढदिवसाला त्यांनी बायकोला भेट म्हणून मुकादमात एक सुधारणा केली. कोण कोणावर अवलंबून आहे याचं चित्र आता मुकादम काढून दाखवणार होता, आणि त्या चित्रातल्या रेघा काढायला त्यांनी बेतमधलाच रेघा काढणारा भाग जोडून घेतला. "माझ्या मुकादमात तुझी रेघ," ते म्हणाले. वाढदिवसाला साडी मिळालेल्या बायका बाईंनी पुष्कळ पाहिल्या होत्या, रेघ मिळालेली ही पहिलीच. त्या लाजल्या आणि विषय संपला. संपला असं त्यांना वाटलं.

बेत ज्यातून जगभर जाई त्याला 'भांडार' म्हणत. अशा फुकट प्रोग्रामांचा तो एक मोठा साठा, हौशी मंडळींनी चालवलेला. शाळांना मिळणाऱ्या साध्या कॉम्प्युटरांत भांडारातलेच प्रोग्राम असत. भांडारात नाही तो प्रोग्राम शाळेत नाही. आणि भांडाराची एक रीत होती. दर वर्षी एका सभागृहात मंडळी जमायची, मधल्या टेबलावर एक कोरं यंत्र ठेवायची. कोरं म्हणजे त्यात कंपायलर सोडून काहीही नाही. प्रत्येकाने आपला मूळ मजकूर तेवढा आणायचा आणि तिथे, सगळ्यांदेखत, शून्यातून प्रोग्राम उभा करायचा. घरून तयार करून आणलेलं काही चालायचं नाही. आतमध्ये काय भरलंय ते वाचता येत नाही, म्हणून. जो उभा राहील तो राहील, जो राहणार नाही त्याने संध्याकाळी भांडारातून बाहेर पडायचं.

ही रीत सांभाळणाऱ्या बाईंना सगळे द्वारपालबाई म्हणत. त्या उंच, किडकिडीत आणि न हसणाऱ्या होत्या. अंगात कायम एक करडं जाकीट, ज्याच्या बाह्या बोटांपर्यंत येत. आजवर या रीतीतून बेतला सूट होती, कारण तो जुना मेंबर. यंदा सूट बंद झाली.

शिवणबाई आदल्या दिवशी नवऱ्यासकट नणंदेच्या घरी येऊन उतरल्या होत्या. जेवताना, झोपताना, उठताना नवरा-बायकोचं बोलणं एकच. नणंदबाई कंटाळून म्हणाल्या, मी पण येते, एकदा बघू दे तरी तुमचं काय मरतंय ते. त्या लोकर-सुया घेऊन सभागृहात मागच्या रांगेत बसल्या. सभागृह म्हणजे लांबट खोली, घडीच्या खुर्च्या, एका कडेला चहाचा थर्मास, दुसऱ्या कडेला मोठा प्रिंटर, आणि जमिनीवर इतक्या वायरी की चालणारा प्रत्येक जण नम्रपणे खाली बघत चालत होता.

दुपारी बाईंची पाळी आली. त्यांनी बेतचा मजकूर कोऱ्या यंत्रात घातला आणि मुकादमाला हाक मारली. यंत्र म्हणालं, मुकादम इथे राहत नाही. बरोबरच होतं. कोऱ्या यंत्रात मुकादम कुठला? टाइमटेबल पुढे झाले, खिशातून मुकादमाचा मजकूर काढला आणि म्हणाले, आधी याला तयार करू. कंपायलर चालू झाला आणि लगेच थांबला. मुकादमाला रेघ हवी होती. रेघ बेतमध्ये होती. बेत तयार व्हायला मुकादम हवा होता.

टाइमटेबल यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. चष्मा स्वच्छ झाला, परिस्थिती तशीच राहिली. घरच्या कॉम्प्युटरवर कायम कुठलातरी जुना मुकादम बसलेला असे. तो नवा बेत तयार करी, नव्या बेतमधली रेघ घेऊन नवा मुकादम तयार होई, आणि ही गाठ इतकी वर्षं कुणाच्या नजरेस आली नव्हती. उभं आयुष्य गाड्यांना एकमेकींसाठी ताटकळत ठेवू नये म्हणून झिजवलेल्या माणसाने स्वतःच्या घरात दोन गाड्या अशा उभ्या केल्या होत्या की पहिली दुसरी सुटायची वाट बघतेय आणि दुसरी पहिली.

नणंदबाईंना हे समजावून सांगावं लागलं नाही. त्या सुया न थांबवता म्हणाल्या, "यात नवीन काय? लग्नाच्या वेळी हा म्हणत होता, तिने हो म्हटलं तर विचारतो. ती म्हणत होती, त्याने विचारलं तर हो म्हणते. सहा महिने दोघं नुसते बघत होते."

"वन्सं, इथे नको," शिवणबाई म्हणाल्या.

"मग कुठे? घरी तुम्ही मला बोलू कुठे देता?"

द्वारपालबाईंनी यातलं काही ऐकल्याचं दाखवलं नाही. त्यांनी एवढंच सांगितलं की संध्याकाळी दरवाजे बंद होतील, तोवर यंत्र तुमचं. उभं राहिलं तर ठीक. त्यांनी बेतच्या नावापुढे पेन्सिलीने एक बारीक टिंब ठेवलं. शिवणबाईंना ते टिंब सुईसारखं टोचलं. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या जुन्या शाळेत नवे कॉम्प्युटर यायचे होते. त्यांत बेत नसेल तर मुली पुन्हा ब्राउन पेपर फाडत बसणार, आणि फाडल्यावर बाईंची आठवण काढणार, तीही चांगल्या शब्दांत नाही.

आता खोलीत एकाची अडचण झाली की बाकीच्यांना स्फुरण चढतं, आणि ही तर प्रोग्राम लिहिणाऱ्यांची खोली. बघता बघता वाद पेटला. सगळ्यात पुढे होता एक तरतरीत गृहस्थ, ज्याला सगळे हल्ली म्हणत, कारण त्याचं प्रत्येक वाक्य 'हल्ली' या शब्दाने सुरू व्हायचं. हल्ली म्हणाला, हल्ली कोणी स्वतःचा मुकादम पाळत नाही. हल्ली जे नवं हत्यार आलंय ते घ्या, एका क्षणात काम. कोणीतरी विचारलं, त्या हत्याराला स्वतःला काय लागतं? फार काही नाही, हल्ली म्हणाला, एक भाषा लागते. भाषेला? तयार मजकुराचे दोन-तीन साठे. साठ्यांना? ते तयार करायला तेच हत्यार लागतं, पण ते काय, नेटवरून तयार मिळतं. नवरदेव एक आणि वऱ्हाड बसभर, तशातली गत.

यावर अशाच कामाच्या एका जुन्या हत्याराचे भक्त उठले. त्यांचं म्हणणं, बापजाद्यांनी ज्याच्यावर सगळं उभं केलं तेच खरं. त्याचा दोष एकच, मजकुरात एक रिकामी जागा चुकीच्या जातीची, म्हणजे टॅबऐवजी स्पेसची, पडली की ते रुसून बसतं, आणि रिकामी जागा डोळ्यांना दिसत नाही. भक्तांच्या मते हा दोष नसून शिस्त होती. तिसरा एक पक्ष म्हणाला की बेतमधून रेघ उसवून वेगळी काढा. शिवणबाईंनी सांगितलं की रेघ बेतला अस्तरासारखी घट्ट शिवलेली आहे, उसवायची तर दोन महिने. तिसऱ्या पक्षाला हे उत्तर आवडलं, कारण आता त्यांना उसवण्याच्या पद्धतींवर वाद घालता येणार होता.

आणि टाइमटेबल? ते मधोमध उभे होते, गाल लाल झालेले, एकाच वेळी तिन्ही पक्षांना उत्तरं देत. मुकादमाची बाजू ते अशी मांडत होते की जणू कोर्टात पोराला जामीन हवाय. कित्येक वर्षांत त्यांचं म्हणणं इतक्या लोकांनी एका वेळी खोडून काढलं नव्हतं. घरी एकट्या बाई खोडून काढायच्या. ते अगदी खुशीत होते.

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. ऊन भिंतीवरून उतरून खुर्च्यांच्या पायांशी आलं होतं. या खोलीत बेत हा शब्द शेवटचा कधी उच्चारला गेला हे त्यांना आठवेना. वाद आता हत्यार या संकल्पनेवर चालू होता. बाई उठल्या, वायरी ओलांडत मधल्या टेबलाशी गेल्या, कोऱ्या यंत्रापुढे बसल्या आणि पदर खोचला. मुकादम नव्हता तेव्हा हे सगळं त्या हाताने करतच होत्या की. पण तेव्हा बेत लहान होता, बारशातल्या झबल्याएवढा. आता त्याचं कोट-जाकीट झालं होतं, आणि क्रम त्यांच्या डोक्यातून केव्हाच मुकादमाकडे गेला होता. पहिल्या तीन फाइली त्यांना आठवल्या. चौथीला हात थांबला.

त्यांनी मान वळवली. इतक्या लोकांत त्यांनी नवऱ्याला कधी मोठ्याने हाक मारली नव्हती.

"अहो," त्या म्हणाल्या. "मुकादम येत नसेल, तर तुम्ही तरी या."

वाद थांबला नाही, पण वादाच्या मधोमध भोक पडलं. टाइमटेबल अर्ध्या वाक्यातून निघून आले. हल्लीला काही क्षण कळलंच नाही की आपण कुणाला उत्तर देतोय, मग तो शेजारच्याला देऊ लागला.

टाइमटेबल बायकोच्या खुर्चीमागे उभे राहिले. हात पाठीमागे बांधले. घसा साफ केला. आणि ज्या आवाजात कोणे एके काळी फलाटांचे नंबर सांगत असत त्या आवाजात त्यांनी सुरुवात केली. आधी बिंदू. मग रेघ. मग वळण, पण वळणाला रेघ जोडून. आता मुंढा. मुंढा झाला? बाही.

बाई टाइप करत गेल्या. लग्नानंतर इतक्या वर्षांत नवऱ्याने सांगितलेली गोष्ट लागोपाठ इतक्या वेळा ऐकायची बाईंची ही पहिलीच वेळ होती, आणि टाइमटेबल यांना ते झेपेना. दर कमांडनंतर ते जरासे थांबत, विरोध होईल म्हणून. होत नव्हता. मागच्या रांगेत नणंदबाईंच्या सुया थांबल्या होत्या. असं दृश्य पुन्हा दिसणार नाही हे त्यांनी ओळखलं होतं.

मग ते म्हणाले, "आता खिसा." बाईंनी खिसा दिला. कंपायलरने तो परत तोंडावर फेकला.

"खिसा नाही होत," बाई म्हणाल्या.

"होतो. खिशाला काही लागत नाही. खिसा ही स्वतंत्र गाडी आहे."

"होती. मागच्या वर्षी मी खिशाला गळ्याचं माप जोडलं. गळा खोल असला की छातीवरचा खिसा खाली घ्यावा लागतो."

"मला नाही सांगितलंस."

"मुकादमाला सांगायची गरज पडली नाही. त्याने आपलं आपण ओळखलं."

टाइमटेबल यांनी पाठीमागे बांधलेले हात सोडले. बाईंना वाटलं, लागलं यांना. पण मागे वळून बघतात तर गृहस्थाच्या चेहऱ्यावर पोराचा निकाल लागलेल्या बापासारखं तेज. जे बापाला कळलं नव्हतं ते पोराला कळलं होतं, आणि तेही न सांगता. ते हल्लीला जाऊन हे सांगायच्या बेतात होते, बाईंनी त्यांची बाही धरून ठेवली. आधी गळा, मग खिसा. खिसा मुकाट्याने झाला.

इथून पुढे दोघांचा सूर लागला. क्रम त्यांना ठाऊक, बदल हिला ठाऊक. ते सांगत कॉलर, ती म्हणे आधी पट्टी. ते म्हणत बरोबर, पट्टी. एका फाइलीला दोघं एकदमच नाव घेऊन एकदमच थांबले आणि आधी तुम्ही, आधी तू असं करण्यात कंपायलर ताटकळला. ऊन खुर्च्यांखालून निघून दाराकडे गेलं. शेवटची फाइल आत गेली, यंत्र जरा वेळ घुमलं, आणि बेत उभा राहिला.

बेत झाला म्हणजे त्याला शिवलेली रेघ वापरता आली, रेघ आली म्हणजे मुकादम झाला, आणि मुकादम जन्मला तो लगेच कामाला लागला. त्याने बेत पुन्हा पहिल्यापासून तयार केला. हाताने केलेला बेत आणि मुकादमाने केलेला बेत, दोन्ही द्वारपालबाईंनी शेजारी शेजारी ठेवून तपासले. टाक्याचाही फरक नव्हता.

"चालवून दाखवा," द्वारपालबाई म्हणाल्या.

शिवणबाईंनी चार मापं भरली. मोठ्या प्रिंटरने कुरकुरत एक लांब कागद बाहेर काढला. बाहीचं कटिंग होतं, अगदी रेखीव.

"माप कुणाचं?"

"तुमचं. डोळ्यांनीच घेतलं. रागावू नका, पण मघापासून तुमच्या बाह्या बघवत नव्हत्या."

द्वारपालबाईंनी कागद हाताला लावला. मनगटाशी बरोबर संपत होता. त्या हसल्या असं म्हणता येणार नाही, पण जमलेल्यांपैकी निम्म्यांनी पुढे शपथेवर सांगितलं की हसल्या.

मग त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं की आज झालं ते झालं, पण उद्या एखाद्या शाळेला हे स्वतः उभं करायचं असेल तर? तिथे टाइमटेबलसाहेब खुर्चीमागे उभे राहायला येणार आहेत का? टाइमटेबल यांची तयारी दिसली. शिवणबाई म्हणाल्या, त्याची गरज नाही, जे जे हे सांगत गेले ते मी एका फाइलीत क्रमाने लिहीत गेलेय. ती फाइल चालवली की सगळं आपोआप होतं.

"फाइलीचं नाव?"

शिवणबाई घुटमळल्या. गडबडीत पहिलं सुचलं ते नाव दिलं होतं. "अहो," त्या हळूच म्हणाल्या.

द्वारपालबाईंनी चेहरा न हलवता लिहून घेतलं. तेव्हापासून रीत अशी आहे की कुठल्याही देशातल्या कुठल्याही शिंप्याला बेत शून्यातून उभा करायचा असेल, तर यंत्रापुढे बसून आधी 'अहो' म्हणावं लागतं. मग कामं होतात. काही शिंप्यांनी कळवलंय की आमच्या घरी एवढ्यावर होत नाहीत.

राहिली नोंद. भांडारात प्रत्येक प्रोग्रामपुढे एक रकाना असतो, त्याला काय काय लागतं याचा. द्वारपालबाईंनी पेन्सिलीचं टिंब खोडलं आणि बेतपुढे लिहिलं: गरज, कंपायलरखेरीज काही नाही. मुकादमही कोऱ्या यंत्रावर सगळ्यांदेखत उभा राहिला होता, तेव्हा तोही हक्काने आत आला. त्याच्यापुढे लिहिलं: गरज, बेत.

टाइमटेबल यांनी त्या दोन ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या. शिवणबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. ज्याच्यासाठी मुकादम जन्मला त्याला आता मुकादम लागत नव्हता, हे असं नोंदीत लिहिलेलं बघून या माणसाचं काय होईल, ही त्यांना दुपारपासूनची धाकधूक. टाइमटेबल यांनी चष्मा काढला, मागच्या रांगेकडे वळले आणि भरल्या आवाजात म्हणाले, "ताई, हे बघ. तिला माझ्यावाचून काही अडत नाही, आणि मला तिच्यावाचून उभं राहता येत नाही. आता हे अधिकृत झालं."

"एवढं लिहून घ्यायला इतक्या लांब आलास?" नणंदबाई म्हणाल्या आणि लोकर पिशवीत भरू लागल्या.

त्या दोन ओळी टाइमटेबल यांनी मोठ्या प्रिंटरवर छापून मागितल्या, आणि मोठा प्रिंटर छापतो त्याच मापात त्या छापून आल्या. घरी लावायला भिंत पुरेल का असं बाईंनी विचारलं. ते म्हणाले, दार काढू. कागदाची गुंडाळी काखेत मारून ते वाटेत भेटेल त्याला उलगडून दाखवत निघाले. हल्लीला दाखवली, तर तो म्हणाला हल्ली असं एकतर्फी फारसं दिसत नाही, आणि पुन्हा वादात शिरला. वाद जोरात होता. बेत उभा राहिला हे निम्म्या लोकांना अजून कळायचं होतं, आणि कळून वादात काही फरक पडणार नव्हता.

तिघं रस्त्यावर आली. टाइमटेबल यांचा आवाज अजून उतरला नव्हता. ते म्हणाले, आता सरळ, मग डावीकडे, मग फलाट, म्हणजे बस-थांबा. शिवणबाई उजवीकडे वळल्या, कारण नणंदेचं घर उजवीकडे होतं. टाइमटेबल चौकात क्षणभर उभे राहिले, गुंडाळी सावरली आणि मागोमाग गेले.